हवामान बघणाऱ्यांचे प्रश्न: मोजलेलं काय आणि अंदाज कुठला

प्रश्न: विंडीवर (हवामानाचे नकाशे दाखवणारी साइट) एकाच ठिकाणी एक मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, उद्या ३० मिमी पाऊस दाखवतं, दुसरं जवळजवळ कोरडं. खरं कुणाचं मानायचं?

आधी हे पक्कं धरा की दोन्ही अंदाज आहेत, मोजलेला पाऊस कुणीच दाखवत नाहीये. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ साधारण ९ किमीच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस १३ किमीच्या, आणि गडगडाटी ढग चार-पाच किमीचा असला तर तो एवढ्या मोठ्या चौकटीत नीट पकडताच येत नाही, म्हणून पाऊस आहे हे बरोबर येतं पण नेमका कुठे पडणार ते चुकतं. मी काय करतो, त्या जागेवर क्लिक करून सगळी मॉडेल्स शेजारी शेजारी लावतो, एकमत असेल तर भरवसा ठेवतो, नसेल तर मिमीचा आकडा सोडून देतो आणि पुढच्या रनची, म्हणजे मॉडेलच्या नव्या हिशोबाची, वाट बघतो. जीएफएस दिवसातून ४ वेळा नव्याने चालतं. दर रनला पाऊस इकडचा तिकडे जात असेल तर समजायचं की मॉडेललाच अजून अंदाज आलेला नाही. आणि हो, वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की लोकल तेवढं बघत जा, बरेच घोळ तिथेच होतात.

प्रश्न: सॅटेलाइट फोटोत आमच्यावर पांढराशुभ्र ढग आणि बाहेर एक थेंब नाही, असं का?

फोटो थोडा जुना असतोच, झूम अर्थ या सॅटेलाइट चित्रांच्या साइटवर वेळ लिहिलेली असते ती आधी वाचा. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. रात्री जे दिसतं ते इन्फ्रारेड, म्हणजे ढगाच्या माथ्याचं तापमान, माथा जेवढा थंड तेवढा ढग पांढरा. खूप उंचावरचे सिरस ढग बर्फाच्या कणांचे असतात, त्यांचा दाट थर असला की चित्रात एकदम पांढरा दिसतो आणि खाली पाऊस शून्य. उलट दिवसभर झिमझिम लावणारा खालचा ढग करडा दिसतो, कारण त्याचा माथा तेवढा थंड नसतो. दिवसा व्हिजिबल चित्र लावून बघा, वाढणारा गडगडाटी ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत दिसतो, आणि पातळ सिरसमधून खालची जमीन दिसते. जवळपास रडार असेल तर प्रश्नच मिटला, ते थेंबांवरून परत आलेला सिग्नल दाखवतं.

प्रश्न: हवेचा दाब मोजणारा नवीन बॅरोमीटर घेतलाय. रोज दुपारी प्रेशर २-३ हेक्टोपास्कलने (दाबाचं एकक) उतरतं पण वादळ काही येत नाही. खराब आहे का?

अजिबात नाही, चांगला आहे म्हणूनच एवढं बारीक पकडतोय! सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणातही भरती-ओहोटी होते, दिवसातून दोनदा. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला प्रेशर वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. विषुववृत्ताजवळ हे ठळक दिसतं, ध्रुवांकडे जावं तसं कमी होत जातं. म्हणून सकाळच्या आकड्याशी तुलना करू नका, कालच्या त्याच वेळेशी करा. काल चारला १००८ होतं आणि आज चारला १००३, तर मात्र काहीतरी शिजतंय, लगेच सॅटेलाइट उघडा. आकडा तपासायला जवळच्या विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाची सांकेतिक नोंद, बघा, तो तासाला नाहीतर अर्ध्या तासाला येतो आणि बहुतेक देशांत त्यात क्यू अक्षरापुढे प्रेशर असतं. फक्त तो समुद्रसपाटीला आणलेला आकडा असतो, तुम्ही उंचावर राहत असाल तर दर ८ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल धरून तुमचा आकडा वाढवून घ्या.

प्रश्न: विजा दाखवणाऱ्या ब्लिट्झऑर्टुंगच्या नकाशावर वीज लांब दिसली तर गच्चीवर थांबायला हरकत नाही ना?

हरकत आहे. हे नेटवर्क हौशी लोकांच्या रिसीव्हरवर चालतं, विजेच्या रेडिओ लहरी कुठे किती वाजता पोचल्या त्यावरून जागा काढतात, फार सुंदर काम आहे, पण काही विजा सुटतातच. नकाशावर ठिपका नाही म्हणजे वीज नाही, असं धरू नका. चमकल्यापासून आवाज ३० सेकंदांच्या आत आला तर वीज १० किमीच्या आत आहे, सरळ घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

प्रश्न: घरचं हवामान स्टेशन वेदर अंडरग्राउंडला (घरोघरच्या स्टेशनांची नोंद दाखवणारी साइट) जोडलंय, पण तापमान शेजारच्या स्टेशनांपेक्षा ४ अंश जास्त येतं.

सेन्सर भिंतीवर आहे ना? भिंत तापली की तिचीच उष्णता मोजली जाते. हवा खेळेल अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून दीड मीटरवर, शक्यतो गवतावर लावा. रेनगेजही (पाऊस मोजायचं यंत्र) याच वेळी तपासून घ्या, १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तोंडाचा व्यास १६ सेंमी असेल तर २०० मिली पाणी अर्ध्या तासात हळूहळू ओता, १० मिमी यायला हवेत. ९ च्या खाली किंवा ११ च्या वर गेलं तर आधी कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) बदला, तोपर्यंत डेटा पाठवणं बंद ठेवा.