जपानमध्ये अजूनही सीडी का खपतात, आणि गाणी प्रसिद्ध करण्याची तिथली रीत खरोखर बदलते आहे का?

जपानी माणूस जुन्या वळणाचा आहे म्हणून तिथे सीडी खपते, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते आणि तुमच्या प्रश्नातही तिची छटा आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. सीडी तिथे टिकली, कारण कायदा, दुकाने आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांनी तिच्याभोवती उभी केलेली व्यवस्था या धंद्यातल्या बहुतेकांना परवडत होती.

पुण्यात जपानी भाषा शिकून मी काही वर्षे टोकियोत नोकरी केली, त्यामुळे ही व्यवस्था जवळून पाहता आली. नवी सीडी प्रसिद्ध होण्याचा रूढ वार बुधवार, परंतु माल दुकानात मंगळवारीच पोहोचत असल्याने त्या संध्याकाळी कामावरून सुटलेली मंडळी आदल्या दिवशीच ती विकत घेऊन घरी जात. या प्रकाराला तिथे ‘फ्लाइंग गेट’ असे खास नाव आहे. २०१५ मध्ये बहुतेक जगाने शुक्रवार हा समान वार स्वीकारला, तेव्हाही जपानने बुधवार सोडला नाही. सीडीच्या डबीला कडेने कागदाची एक पट्टी गुंडाळलेली असते, तिला किमोनोच्या कमरपट्ट्यावरून ‘ओबी’ म्हणतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत किंमत असते आणि ती किंमत कोणत्या तारखेपर्यंत बांधलेली आहे, हेही छापलेले असते.

या बांधील किमतीत बरेच काही दडलेले आहे. ‘साइहान’ या पद्धतीनुसार पुस्तके आणि वृत्तपत्रांप्रमाणेच सीडीही कंपनीने ठरवलेल्या किमतीलाच विकावी लागते आणि त्या मुदतीत दुकानदाराला सवलत देता येत नाही. साधारण ३,००० येनांचा अल्बम विद्यार्थ्याला परवडणे कठीण, म्हणून १९८० च्या सुमारास सीडीच्याही आधी, तबकड्यांच्या काळात, टोकियोजवळच्या मिताका येथे तबकड्या भाड्याने देणारे दुकान निघाले आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. परदेशी कलाकारांच्या आयात सीडी मात्र या बंधनाबाहेर होत्या आणि स्वस्त मिळत, म्हणून जपानी आवृत्तीत एखादे जास्तीचे गाणे घालण्याची प्रथा पडली.

गाणे आधी ऐकवायचे आणि विकायचे मात्र काही आठवड्यांनी, हा जुना क्रम होता. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, सुरुवातीला त्याचा दीड मिनिटाचा तुकडा वाजे, यूट्यूबवर अर्धवट कापलेला व्हिडिओ येई, आणि पूर्ण गाण्यासाठी सीडीची वाट पाहावी लागे. भारतात बसून ऐकणाऱ्याला तर कित्येकदा तो तुकडाही उपलब्ध नसे, याचे मला फार वाईट वाटत असे.

हा क्रम उलटला तो योआसोबी या जोडीसारख्या कलाकारांमुळे. त्यांचे ‘योरु नि काकेरु’ डिसेंबर २०१९ मध्ये केवळ डिजिटल स्वरूपात आले आणि सीडी न काढताही २०२० च्या बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिले ठरले. पुढे त्यांचे ‘आयडॉल’ १२ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे संबंधित ॲनिमेचा पहिला भाग प्रसारित झाला त्याच दिवशी, जगभर खुले झाले; सीडी जूनमध्ये आली. म्हणजे आता आधी गाणे पोहोचते आणि मागाहून वस्तू येते. १९६८ पासून सिंगल्सच्या विक्रीची साप्ताहिक यादी काढणाऱ्या ओरिकॉननेही २०१८ च्या अखेरीस सीडी, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग यांची एकत्रित यादी सुरू केली.

मग सीडी कोण घेते? प्रामुख्याने चाहते, आणि गाण्यापेक्षा सोबत मिळणाऱ्या गोष्टींसाठी. एकेबी-४८ या अनेक मुलींच्या गायनसमूहाच्या सीडीत हस्तांदोलनाच्या कार्यक्रमाचे तिकीट किंवा सदस्यांच्या निवडणुकीची मतपत्रिका असे, म्हणून एकच माणूस तीच सीडी दहादहा घेई. एकाच सिंगलच्या दोन-तीन आवृत्त्या काढण्याची पद्धत आजही जोरात आहे. संगीताची लोकप्रियता मोजण्याचा हा मार्ग मला कधीच पटला नाही, कारण त्यात ऐकणाऱ्यांची संख्या कळतच नाही.

तरीही बदल सर्वांनी स्वीकारलेला नाही. ज्येष्ठ गायक तात्सुरो यामाशिता यांनी २०२२ मध्ये स्ट्रीमिंगला उघड नकार दिला. दुसरीकडे गायिका मिकी मात्सुबारा यांचे १९७९ मधले गाणे २०२० च्या अखेरीस इंडोनेशियातल्या एका गायिकेने पुन्हा गायल्यावर जगभर पसरले, आणि लोक मूळ गाणे शोधू लागले तेव्हा ते स्ट्रीमिंगवर होते म्हणूनच त्यांना सापडले. ही दाद ऐकायला मात्सुबारा स्वतः नव्हत्या. त्यांचे निधन २००४ मध्येच झाले होते.