सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त झाली असूनही तिचा प्रसार अपेक्षेइतका वेगाने का होत नाही?

सौर व पवन वीज आता अनेक ठिकाणी कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते, मग अडते कुठे, तंत्रज्ञानात उणीव आहे की कोणी मुद्दाम आडकाठी करते, असे आपण विचारले आहे. आडकाठी करणारे हितसंबंध आहेतच. जीवाश्म इंधने ग्राहकांना स्वस्त पडावीत म्हणून जगभरातील सरकारांनी २०२२ साली सोसलेला अनुदानाचा भार, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, एक लाख कोटी डॉलरच्या वर गेला होता. तरीही माझ्या मते सर्वांत मोठा अडसर भांडवलावरील व्याजाचा आहे, आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

कोळशाच्या किंवा वायूच्या वीजकेंद्राचा मोठा खर्च इंधनावर होतो आणि तो वीज विकता विकता वर्षानुवर्षे भागवता येतो. सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. परंतु त्यामुळेच त्याच्या पंचवीस वर्षांच्या विजेचा बहुतेक सगळा खर्च उभारणीच्या वेळीच करावा लागतो आणि तो पैसा बहुधा कर्जाऊ असतो. पंचवीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायच्या कर्जावर व्याजदर ४ टक्के असेल, तर हप्ता मुद्दलाच्या सुमारे ६.४ टक्के येतो. दर १२ टक्के असेल, तर तोच हप्ता जवळपास पावणेतेरा टक्क्यांवर जातो. म्हणजे पॅनेल तेच, ऊन तेवढेच, पण वीज जवळजवळ दुप्पट महाग. ज्या देशांत ऊन मुबलक आहे त्यांतील पुष्कळ देशांत कर्ज महाग आहे, हे या विषयातले मोठे दुर्दैव म्हणावे लागेल. त्यातही कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न स्थानिक चलनात असेल, किंवा वीज विकत घेणारी वितरण कंपनी बिले थकवत असेल, तर धनको ती जोखीमही व्याजात धरतो.

सरकारी धोरणातील चंचलपणाही शेवटी याच व्याजात उतरतो. स्पेनने २००७ साली सौर विजेला भरघोस हमीदर जाहीर केला, त्यावर विसंबून प्रकल्पांची लाट आली, आणि २०१० पासून, जुन्या प्रकल्पांनाही झळ लागेल अशा रीतीने, सवलती कमी होत गेल्या. गुंतवणूकदारांनी मग आंतरराष्ट्रीय लवादांकडे धाव घेतली. मूळ दर अवाजवी होता हे मला मान्य आहे, परंतु दिलेला शब्द मागे घेतला जाऊ शकतो, हे एकदा दिसले की पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा मोठा अडसर तारांचा. सौर किंवा पवन प्रकल्पाला साधारण एक ते पाच वर्षे लागतात, तर उच्चदाब पारेषण वाहिनीला आखणीपासून पूर्ततेपर्यंत पाच ते पंधरा वर्षे लागू शकतात, कारण तिच्या वाटेवरील प्रत्येक जमीनमालकाशी आणि परवाना देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाशी गाठ असते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये जगभरात किमान ३,००० गिगावॉट क्षमतेचे नवीकरणीय प्रकल्प वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडणी मिळण्याच्या रांगेत असल्याचे नमूद केले. त्यांपैकी निम्मे तयारीच्या पुढच्या टप्प्यावर होते. (रांगेत केवळ जागा अडवून बसलेले प्रकल्पही असतात, त्यामुळे हा सगळा आकडा जसाच्या तसा धरू नये.)

जोडणी मिळाल्यावर वेळेचा प्रश्न येतो. एखाद्या प्रदेशातील सगळी सौर वीज भर दुपारी एकदमच बाजारात येते, त्यामुळे त्या तासांतला दर कोसळतो, प्रसंगी शून्याखाली जातो, आणि सूर्य मावळताना मागणी वाढली की इतर केंद्रांना झपाट्याने उत्पादन वाढवावे लागते. कॅलिफोर्नियात हे फार ठळकपणे दिसले. प्रत्येक नवा सौर प्रकल्प अशा रीतीने आपल्यासारख्याच इतरांच्या उत्पन्नात घट करतो. बॅटऱ्यांनी काही तासांची तफावत आता भरून निघू लागली आहे. ऋतूंमधील तफावत मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

लोकांचा विरोध हा अज्ञानातून येतो, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. पवनचक्कीचा आवाज आणि सावली शेजाऱ्यांना मिळते, उत्पन्न मात्र दूरच्या कंपनीला, तेव्हा तक्रार रास्तच असते. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने नव्या पवनचक्क्यांतील किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन घातले होते, ते याच जाणिवेतून. इंग्लंडमध्ये उलट घडले: २०१५ साली नियोजनाचे नियम इतके कडक करण्यात आले की जमिनीवरील नवे पवन प्रकल्प २०२४ पर्यंत जवळजवळ थांबले.

भाड्याच्या घरांचा पेच वेगळाच आहे. छतावर खर्च मालकाने करायचा आणि वीजबिल भाडेकरूचे कमी व्हायचे, म्हणून दोघेही पुढे येत नाहीत. तेथे पॅनेल आणखी स्वस्त होऊन फारसे काही साधत नाही. भाडेकरारातच खर्च आणि बचत यांची वाटणी लिहावी लागते. आणि जाळ्यापासून दूरच्या वस्त्यांतील छोट्या योजनांत पॅनेल दशकानुदशके चालते, पण बॅटरी आणि इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधी निकामी होतात. यंत्रसामग्रीला अनुदान मिळते, देखभालीला क्वचितच. म्हणून अशी कोणतीही योजना पाहताना, पहिली बॅटरी संपल्यावर दुसरीचे पैसे कोण देणार आणि ती बसवणार कोण, हे दोन प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.