करंगळी जमिनीला टेकत नाही

ऐन मे महिन्यात पायात जाड मोजे घालून कुणी समुपदेशनाला आलं की माझं लक्ष आधी तिकडेच जातं. माझ्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, माणसं चपला बाहेर काढून आत येतात. शलाकाने (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) बूट काढले, मोजे तसेच ठेवले आणि बसल्याबरोबर पाय खुर्चीखाली ओढून घेतले. वय २४. कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशवर काम करते. शेजारी आई, पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत बसलेली.

बोलली आईच. "दोन वर्षं झाली मॅडम, लग्नाचा विषय काढला की ही उठून आत जाते. कुणाच्या बारशाला नाही, हळदीकुंकवाला नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं ते? सांगा की हिला."

काय मनाला लावून घेतलं होतं ते आई बाहेर जाऊन बसल्यावर कळलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्याने तिला दोन पावलं चालायला लावलं आणि पायांकडे निरखून पाहिलं. दोन दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. खरं कारण पुढे नात्यातूनच फिरत फिरत घरी पोचलं. मुलीच्या करंगळ्या जमिनीला टेकत नाहीत, आणि हाताची बोटं बघितली का, उलटी वळतात.

माझ्याकडे हीच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी येते. कधी नववीतल्या मुलाची आई विचारते, कधी नवी नवरी, कधी बाळाच्या पायाची बोटं बघून धास्तावलेले बाबा. प्रश्न साधारण तेच असतात. बोटं अशी का आहेत, हा आजार आहे का, लग्नाचं काय, पुढे मुलांना होईल का? शलाकाची गोष्ट सांगते आहे, कारण तिच्या बाबतीत मी सुरुवातीला चुकले आणि त्या चुकीतून मला बरंच कळलं.

पहिल्या दोन भेटींत मी हा सगळा प्रश्न मनाचाच धरला. नकाराचा घाव बसलाय, स्वतःच्या शरीराबद्दल लाज आहे, तिच्यावर काम करायचं. तिला वही दिली. रोज रात्री दोन पानं लिहायची: आज कुठे लपावंसं वाटलं, त्या वेळी मनात काय आलं. पुढच्या वेळी वही कोरी. त्याच्या पुढच्या वेळी चार ओळी. मी मनातल्या मनात नोंद केली की ही विषय टाळते आहे. तिसऱ्या भेटीत तिला माझ्यासमोरच लिहायला सांगितलं आणि मग मला दिसलं. पेनावर दाब आला की पहिलं बोट मधल्या पेरात आतल्या बाजूला खचायचं आणि टोकाचं पेर पुढे झुकायचं. पाच ओळींनंतर तिने पेन खाली ठेवलं आणि मनगट चोळलं.

"दुखतंय?"

"हात तर रोजच दुखतो. लिहिल्यावर सगळ्यांचाच दुखतो ना?"

बारावीच्या परीक्षेपासून आजपर्यंत तिला वाटत होतं की सगळ्यांचा असाच दुखत असेल. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. मग ती म्हणाली, "मॅडम, मोजे काढू का?"

पाय गोरेगोमटे, नीटनेटके. बसलेली असताना तळव्याला छान कमान. उभी राहिली की कमान पार बसायची, पाऊल आतल्या अंगाला कलायचं, मधली बोटं आकडीसारखी वळून जमीन धरू पाहायची आणि करंगळी वर राहायची. एवढंच होतं ते. दोन वर्षं ज्यासाठी उन्हाळ्यातही मोजे घातले, ते इतकंच.

मी तिला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे ९ गुणांची साधी तपासणी झाली. १९७३ पासून वापरात असलेल्या या मोजमापाला बेटन स्कोअर म्हणतात. हाताची करंगळी मागे ९० अंशांच्या पलीकडे जाते का, अंगठा वाकवून मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे १० अंशांहून जास्त जातात का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं, म्हणजे झाले ८ गुण. गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले तर नववा. प्रौढांत ५ किंवा जास्त गुण आले की सांधे सर्वसाधारणपणे अतिलवचीक धरतात. वयात न आलेल्या मुलांत ही रेघ ६ वर असते, पन्नाशीनंतर ४ वर. शलाकाला ७ मिळाले. गंमत म्हणजे पायाच्या बोटांना या तपासणीत एकही गुण नाही, आणि तिचं सगळं दुःख तिथेच साठलेलं.

डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे लिगामेंट, कोलॅजेन नावाच्या प्रथिनापासून बनतात. काही माणसांत या दोऱ्या जन्मतःच जास्त ताणल्या जातात. मग मधलं पेर मागे जातं, टोकाचं पुढे झुकतं आणि बोटाला हंसाच्या मानेसारखा बाक येतो. पायात दोऱ्या सैल असल्या की तोल सांभाळायचं काम स्नायूंवर येतं आणि बोटं जमीन पकडायला जातात. पुष्कळ लोकांचे सांधे असे लवचीक असतात आणि त्यांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. त्याला आजार म्हणायचं कारण नाही. दुखणं, सांधा निसटणं, लवकर थकवा अशी साथ असेल तर त्याला नाव दिलं जातं. शलाकाच्या कागदावर लिहिलं गेलं 'हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर', म्हणजे सांधे अतिलवचीक असल्यामुळे होणारा त्रास. त्वचा खूप ताणली जाणं, जखमेचे व्रण कागदासारखे पातळ होणं, जरा लागलं की काळंनिळं पडणं अशी लक्षणं असती, तर एहलर्स-डॅनलॉस या जन्मजात आजारांच्या गटाचा विचार करावा लागला असता. माणूस खूप उंच, हातपाय आणि बोटं लांबसडक, डोळ्याच्या भिंगाची तक्रार किंवा छातीच्या हाडाचा आकार वेगळा, असं असेल तर मार्फान या दुसऱ्या जन्मजात आजाराची शंका घेऊन हृदयाचा इको करतात, कारण तिथे महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, धोका असतो. म्हणून मी आता कुणालाही "काही नाही हो, मनाचे खेळ आहेत" असं सांगत नाही. आधी एकदा नीट तपासून घ्या म्हणते.

कागद हातात आल्यावर शलाका रडली, पण वेगळं रडली. "म्हणजे मी आळशी नव्हते," म्हणाली. पाचवीत अक्षरावरून खाल्लेली बोलणी तिला त्या क्षणी आठवली होती. आणि सहावीतल्या योगासनांच्या स्पर्धेतली बक्षिसंही. तेव्हा पूर्ण मागे वाकून दाखवलं की अख्खी शाळा टाळ्या वाजवायची. अकराव्या वर्षी ज्या सांध्यांना टाळ्या मिळाल्या, त्याच सांध्यांवरून बाविसाव्या वर्षी नकार आला. घरात असं लवचीक मूल असेल तर पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं: त्याला पाहुण्यांसमोर "अंगठा मागे करून दाखव बघू" असं सांगू नका. सैल दोरी पुन्हापुन्हा ताणली की आणखी सैल होऊ शकते. अशा मुलांना ताणायच्या व्यायामापेक्षा ताकदीचे व्यायाम हवेत.

आता त्या करंगळीबद्दल. शलाकाला मनातून वाटत होतं की आत्याबाईंना तिच्यात काहीतरी खोट दिसली, जी तिला स्वतःला दिसत नाही. मी तिला सांगितलं की ही समजूत त्या बाईंची स्वतःची नव्हेच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मुलीची लक्षणं दिली आहेत. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट जमिनीला न टेकणं, अंगठ्यापेक्षा पुढचं बोट लांब असणं, या तिथे वाईट चालीच्या खुणा ठरवल्या आहेत. तेच पुढे घराघरांत "शेजारचं बोट मोठं, नवऱ्यावर वरचढ" असं होऊन उतरलं. जवळजवळ दीड हजार वर्षं लोक बायकांचे पाय बघून स्वभाव ठरवत आलेत, आणि त्या पायांत किती जणींच्या दोऱ्या नुसत्या सैल असतील! मला याचा राग येतो, आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. समुपदेशकाने तटस्थ असावं हे खरं. पण एका मुलीला तिच्या हाडांवरून चारित्र्याचा दाखला दिला जात असेल, तर तिथे तटस्थ राहणं मला जमत नाही.

राग येऊन तिचे पाय काही मोकळे होणार नव्हते. लपवण्याची तिने काय किंमत मोजली होती ती फिजिओथेरपिस्टने दाखवली. बोटं दिसू नयेत म्हणून ती अरुंद, बंद बूट घालायची आणि आत बोटं आणखी आवळून धरायची. त्याने पुढच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे आले होते, पोटऱ्या संध्याकाळी दगडासारख्या व्हायच्या. काउंटरवर नोटा मोजताना बोटं वळलेली दिसू नयेत म्हणून ती दोन बोटांच्या चिमटीत सगळा जोर द्यायची, त्यातून अंगठ्याच्या बुडाशी दुखणं सुरू झालं. दुखण्याचा बराचसा भाग सांध्यांनी दिला नव्हता, लपवण्याने दिला होता.

मग कामाला सुरुवात झाली. पुढे रुंद, टाच घट्ट धरणारे, मागे पट्टा असलेले सँडल. तळव्याला आधार देणारं इनसोल. पायाच्या छोट्या स्नायूंचे व्यायाम: बोटं न आवळता कमान उचलायची. हाताच्या बोटांसाठी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी प्लास्टिकची अंगठी, जी बोटाला पुढे वाकू देते पण मागे जाऊ देत नाही. पेनावर जाड रबराची पकड. माझी वहीसुद्धा बदलली. तिने मोबाइलवर बोलून नोंदी पाठवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच आठवड्यात मला बावीस मिनिटांची नोंद आली.

माझ्याकडचं काम म्हणजे भीतीची शिडी. पहिली पायरी, माझ्या खोलीत दहा मिनिटं अनवाणी. मग घरी आईसमोर. मग मावशीकडे. सगळ्यात वरच्या पायरीवर तिने स्वतः लिहिलं होतं: "लग्नात जोडवी घालताना फोटोवाला पायाजवळ येईल, तेव्हा." मधल्या एका पायरीवर काउंटर होता. कुणी विचारलं तर काय म्हणायचं, याचे आम्ही बरेच प्रयोग केले. लांब खुलासे तिला दमवायचे. शेवटी एक वाक्य टिकलं: "सांधे सैल आहेत माझे, जन्मापासून." एवढं बोलायचं आणि नोटा मोजत राहायचं.

घाबरण्याबद्दल एक सांगायला हवं. बार्सिलोनाचे मानसोपचारतज्ज्ञ अँटोनी बुलबेना आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून दाखवत आले आहेत की अतिलवचीक सांधे असलेल्यांत चिंता आणि पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. पुढे इतरांनाही हा संबंध दिसला. शरीर आतून येणारे इशारे वेगळ्या तऱ्हेने वाचतं, उभं राहिल्यावर धडधड वाढते आणि मन त्याला भीती समजतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. शलाकाला पाहुण्यांसमोर उठून उभं राहताना छातीत धडधड व्हायची. आम्ही त्या धडधडीचे दोन भाग केले. थोडी उभं राहण्याची, थोडी लोकांची. पहिल्या भागासाठी पुरेसं पाणी आणि सावकाश उठणं. दुसऱ्यासाठी शिडी.

"मुलांना होईल का?" हा प्रश्न तिने शेवटी विचारला, खूप हळू आवाजात. सांध्यांची ही सैलता पुष्कळदा घराण्यातून येते. एका पालकाकडून येत असेल तर प्रत्येक मुलात ती येण्याची शक्यता बऱ्याच घरांत निम्मी धरली जाते, पण किती त्रास होईल हे त्यावरून कळत नाही. लवचीक सांध्यांच्या या नेहमीच्या प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, त्यामुळे रक्त तपासून हो की नाही असं सांगता येत नाही. गरोदरपणात डॉक्टरांना आधी कल्पना द्यायची, म्हणजे त्या काळात आणखी सैल होणाऱ्या सांध्यांची काळजी घेता येते. आणि स्थळाला सांगायचं का? सांगावं, असं माझं मत. पहिल्या चहाला पाय पुढे करून दाखवायची गरज नाही. बोलणी पुढे सरकली की तिने स्वतः, मुलाला, सरळ सांगावं. जो ऐकून आत्याला विचारायला जाईल, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

आईला आम्ही सहाव्या भेटीत आत बोलावलं. अहवाल टेबलावर ठेवला, समजावून सांगितलं. आई ऐकत होती, पदर बोटांभोवती तसाच. शलाका एकदम म्हणाली, "आई, हात दाखव." आईने नको नको केलं. मग पदर सोडला आणि हात टेबलावर ठेवला. हंसाच्या मानेची चार बोटं. शलाका चोवीस वर्षं त्या हाताची भाकरी खात होती आणि तिने तो कधी असा पाहिला नव्हता.

"माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाहुण्यांसमोर हात पदरात ठेव," आई म्हणाली. "सवयच लागली मग."

कुणीच काही बोललं नाही. शलाकाने आईची करंगळी धरून बघितली, कुठवर मागे जाते ते.

लग्न अजून ठरलेलं नाही. एक स्थळ येऊन गेलं. नकार शलाकाने दिला, कारण मुलाला तिने नोकरी सोडायला हवी होती. प्लास्टिकची अंगठी दोनदा तुटल्यावर तिने थेरपिस्टकडून माप घेतलं आणि हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून तशीच अंगठी करून घेतली. काउंटरवर बायका विचारतात, कुठून घेतली. संध्याकाळी पाय अजून दुखतात. जोडव्यांची पायरी शिडीवर अजून शिल्लक आहे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मला वाटलं, स्थळाबद्दल असेल. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, ते व्यायाम शिकवणारे डॉक्टर आहेत ना, ते माझ्या वयाच्या बाईलाही बघतात का ओ?"