काल नसबंदी झाल्यापासून आमची मांजरी कोपऱ्यात बसून आहे, खात नाही, जवळ गेलं की फिसकारते. घाबरायचं का?

ऑपरेशन कालच झालंय म्हणता, मग आजचा दिवस तरी घाबरू नका. भूल पूर्ण उतरायला चोवीस तास लागू शकतात. आमची मनी बेळगावातल्या दवाखान्यातून आली ती थेट तांदळाच्या पिंपामागं जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांगडा तळायचा वास आला तशी आपणहून बाहेर! (तळलेला दिला नाही, नुसता उकडलेला तुकडा दिला, बिनमिठाचा.)

घरात दुसरं मांजर असेल तर तेही हिच्यावर गुरगुरेल. अंगाला दवाखान्याचा वास असतो, दोन-चार दिवसांत जातो.

आपल्याकडचा पाऊस नि ओल बघता जुनी धुतलेली वाकळ घालून कोरड्या खोलीत ठेवा. टाके चाटू देऊ नका, त्यासाठी गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढू नका. दहा ते चौदा दिवस माळ्यावर उड्या बंद, आंघोळही नको.

आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ती विषच आहे. उद्यापर्यंत काहीच खाल्लं नाही, टाक्यातून पू-रक्त आलं किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर लगेच डॉक्टरकडे न्या.