एका ठिकाणाला एकच अंक

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिक संघ १९६७च्या कोयना भूकंपाचा ठाण्यापुरता तीव्रता-नकाशा करतोय. एकाच आळीतले एक आजोबा म्हणतात, 'खाट हलली', शेजारचे म्हणतात, 'काही कळलंच नाही'. अंक कोणता द्यायचा? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोघांचंही लिहून घ्या. तीव्रतेचा अंक माणसाला नाही, ठिकाणाला मिळतो, आणि तो किती जणांना काय जाणवलं त्यावर ठरतो. 'कळलं नाही' हा पुरावाच आहे; तो गाळला की अंक हमखास चढतो.

त्याआधी भूकंप तोच आहे ना, हे तपासा. कोयनेचा धक्का ११ डिसेंबर १९६७ला पहाटे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ला, तोही पहाटेच. आठवणींत दोन्हींची सरमिसळ होते. साल विचारलंत तर अंदाजाने सांगतील. थंडीचे दिवस होते की गणपती नुकतेच विसर्जन झाले होते, ते विचारा.

पहाटेची वेळ मात्र तुमच्या पथ्यावर पडते. ईएमएस-९८ या भूकंपाच्या तीव्रतेच्या युरोपीय मोजपट्टीनुसार (अंक I ते XII) झोपलेल्यांपैकी थोडेच जागे झाले तर IV, बरेच जागे झाले तर V. टांगलेला दिवा चांगलाच झुलला, काठोकाठ भरलेल्या हंड्यातलं पाणी हिंदकळून सांडलं, दार आपोआप उघडलं-मिटलं, हीही V चीच लक्षणं. बरेच लोक घाबरून बाहेर पळाले आणि साध्या घरांच्या गिलाव्याला बारीक तडे गेले, तर VI. एकट्या जुनाट भिंतीच्या पडझडीवरून मात्र अंक ठरवू नका, ती आधीच मोडकळीला आलेली असू शकते. निर्णय होत नसेल तर IV-V लिहा. त्याचा अर्थ 'चार किंवा पाच', साडेचार नव्हे.

खाडीकाठच्या मऊ जमिनीमुळे धक्का जास्त लागला असेल म्हणून अंक कमी करू नका. जे घडलं तेच नोंदवायचं. जमिनीचा विचार नकाशा झाल्यावर. पाचव्या मजल्याच्या वरच्या नोंदी मात्र बाजूला ठेवा, उंचावर हेलकावा वाढतो. भुजच्या २००१च्या धक्क्याचा नकाशा कराल तेव्हा हा नियम फार लागेल.

प्रश्न : आजी आता सेक्टरमध्ये राहतात. नकाशावर त्यांच्या आठवणीचा ठिपका तिथेच द्यायचा का? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : नाही. त्या रात्री त्या जिथे झोपल्या होत्या, तिथे. सिडको आली १९७०मध्ये. १९६७ला सेक्टर नव्हते, गावं होती. गावाचं नाव विचारून जुन्या नकाशावर गावठाण शोधा. वर्तमानपत्रांची कात्रणं जोडणार असाल तर एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार पत्रांत छापली असली तरी नोंद एकच धरा.