नदीला नाव देण्याआधी

सस्नेह आशीर्वाद.

तुझं पाकीट गुरुवारी पोचलं. नकाशा टेबलावर पसरून ठेवला आहे, येता-जाता नजर जातेच. घाट कुठे उतरतो, पाऊस कोणत्या अंगाला अडतो, बाजारपेठ कुठे वसेल, याचा विचार करून तू डोंगर काढले आहेस. सोबतची चाळीस पानं दोनदा वाचली. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. एक, कादंबरी कशी वाटली. दुसरी, एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं तर लेखनाची दोन वर्षं फुकट जातील असं घरी सगळे म्हणतात, ते खरं का. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

तू ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचा दाखला दिलास. ‘तो तर प्राध्यापकी सांभाळून लिहायचा’ हे तुझं वाक्य. त्यातल्या ‘सांभाळून’पाशी मी अडले. प्राध्यापकी पोटापाण्यासाठी आणि लेखन ही रात्रीची हौस, असं काहीसं चित्र तुझ्या मनात आहे. ते पुसून टाक. १९५५ साली एका पत्रात त्याने स्वच्छ लिहिलं आहे की भाषा घडवणं हा पाया आहे. गोष्टी रचल्या त्या भाषांना राहायला जग हवं म्हणून. आपण वाचक उलटं समजतो. आपल्याला वाटतं, आधी गोष्ट सुचली आणि मग तिच्यावर भाषेची नक्षी काढली.

त्याचं हे वेड लहानपणापासूनचं. जन्म १८९२चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. चार वर्षांचा असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई. तिला मधुमेह होता आणि इन्सुलिनचा शोध लागायला अजून बराच अवकाश होता. लॅटिनची पहिली ओळख तिनेच करून दिली होती. बर्मिंगहॅममधल्या त्यांच्या एका घरामागून रेल्वे जायची. कोळशाच्या वाघिणींवर वेल्समधल्या गावांची नावं रंगवलेली असत, नांतिग्लो, ट्रेडेगर अशी. पोराला त्यांचे उच्चारही धड ठाऊक नव्हते, पण ती अक्षरं मनात घर करून राहिली. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचं व्याकरण हाती लागलं आणि त्याला दारूचं अख्खं तळघर सापडल्यासारखं झालं. त्याच्या कथांमधल्या एल्फ नावाच्या अमर लोकांच्या दोन मुख्य भाषांपैकी सिंदारिनचा सूर वेल्शचा आणि क्वेन्याचा फिनिशचा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती १९१४ सालची गोष्ट. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिनचा अभ्यास सोडून तो इंग्रजी भाषेच्या इतिहासाकडे वळला होता. वाचता वाचता जुन्या इंग्रजीतल्या एका धार्मिक कवितेत त्याला एक ओळ भेटली. तिचा अर्थ असा: हे एअरेंडेल, देवदूतांमधल्या सर्वांत तेजस्वी, मध्यलोकावर माणसांसाठी धाडलेल्या. हा एअरेंडेल कोण, याचं सरळ उत्तर कुठेच नव्हतं. अभ्यासकाने तिथे एक तळटीप लिहिली असती. टॉल्किनने तीही मनात लिहिली असणार, पण तो शब्द त्याला सोडेना. त्या सप्टेंबरात त्याने एअरेंडेलवर कविता लिहिली. आकाशात गलबत हाकणारा एक खलाशी. एका मित्राने विचारलं, ही कविता नेमकी कशाबद्दल आहे? तो म्हणाला, मला माहीत नाही, शोधून काढायचा प्रयत्न करेन. त्याचं उरलेलं आयुष्य त्या शोधात गेलं. ‘मध्यलोक’ हा शब्दही बघ त्याच ओळीत बसलेला आहे, ‘मिडनगेअर्ड’. त्याच्या कथांच्या भूमीचं ‘मिडल-अर्थ’ हे नाव त्याने शोधून काढलेलं नाही, ते हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडातलं आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो संदेशवहनाचा अधिकारी होता. शाळेपासूनच्या चार जिवलगांपैकी दोघे १९१६ साली गेले. तो खंदकज्वराने आजारी पडून परतला, म्हणून वाचला. त्याच्या पुराणकथांमधली गोंडोलिन या शहराच्या पाडावाची पहिली कथा त्या आजारपणातली आहे.

युद्धानंतरची पहिली नोकरी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात, १९१९-२०ची. घरच्यांना पटवायचं असेल तर हा भाग त्यांना वाचून दाखव. त्याच्याकडे डब्ल्यूचे शब्द होते: वॉर्म, वॉस्प, वॉटर, विंटर. आपण दिवसभर वापरतो आणि ज्यांच्याकडे बघतही नाही असे. सर्वांत छळलं ते ‘वॉलरस’ने. शब्द आला डचमधून. जुन्या इंग्रजीत त्याच प्राण्याला ‘घोडा-व्हेल’ अशा अर्थाचा शब्द होता. मग ‘वॉल-रस’मध्ये व्हेल पुढे आणि घोडा मागे कसा झाला? तो चिठ्ठी लिही, खोडे, पुन्हा लिही. त्या एका शब्दाच्या व्युत्पत्तीचे त्याच्या हातचे किती तरी मसुदे आजही जपून ठेवलेले आहेत. नंतर तो म्हणाला की त्या दोन वर्षांत जेवढं शिकलो तेवढं आयुष्यातल्या तेवढ्याच दुसऱ्या कुठल्या काळात शिकलो नाही.

हे मला पटतं, कारण उमेदीच्या वयात मीही काही काळ शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. एका दुपारी माझ्यापुढे ‘माहेर’ आलं. जन्मभर बोललेला शब्द. मातृगृह, माइहर, माहेर, असा क्रम मी ओळीने लिहिला आणि पेन खाली ठेवलं. त्या ‘मा’मध्ये आई बसली आहे आणि ‘हेर’मध्ये घर, हे मला तोवर कधी ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर मी तो शब्द पूर्वीसारखा उच्चारू शकले नाही. तुझ्या लेखनाला हवं आहे ते हेच ऐकू येणं, आणि भाषाविज्ञानाच्या वर्गात याचीच तालीम होते.

आता तालीम कसली, तेही सांगते. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्ण, कण्ण, कान. जोडाक्षर आधी एकसारखं होतं, मग त्यातलं एक अक्षर गळतं आणि मागचा स्वर लांबतो. लाखो तोंडांनी, कुणी ठरवलेलं नसताना, शतकानुशतकं एकच नियम पाळला. दुसरं उदाहरण घे. आपलं संस्कृत ‘चत्वार’, लॅटिनचं ‘क्वात्तुओर’ आणि वेल्शचं ‘पेद्वार’ ही तिन्ही ‘चार’ या अर्थाची भावंडं. जिथे लॅटिनमध्ये ‘क्व’ राहिला तिथे वेल्शमध्ये ‘प’ झाला. टॉल्किनने नेमकं हेच आपल्या एल्फांच्या तोंडी घातलं. ‘शब्द’ या अर्थी क्वेन्यात ‘क्वेत्ता’, सिंदारिनमध्ये ‘पेथ’. झाडाला एका भाषेत ‘आल्दा’, दुसरीत ‘गालाध’; दोन्ही एकाच आजीच्या नाती. म्हणून ती नावं आपल्याला खरी वाटतात. नियम वाचकाला माहीत नसतो, पण कानाला कळतं की हे शब्द कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत.

घोड्यांवर जगणारे त्याचे रोहनचे लोक आठव. त्यांची नावं त्याने सरळ जुन्या इंग्रजीतून घेतली. एओविन, एओमेर, यांतला ‘एओह’ म्हणजे घोडा, आणि हा शब्द आपल्या ‘अश्व’चा लांबचा नातलग आहे. तू ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाच वेळा वाचलंस म्हणतेस. सहाव्यांदा वाचताना त्या नावांपाशी थांब.

आणि तेंग्वार ही त्याची लिपी बघ. तुला ती इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण आपण क-च-ट-त-प म्हणत वाढलो. उच्चार तोंडात कुठे होतो यावरून तिचे उभे रकाने पडतात आणि कसा होतो यावरून आडव्या ओळी. क्वेन्या लिहिताना स्वर बहुधा खुणा होऊन व्यंजनाच्या डोक्यावर बसतात, आपल्या मात्रेसारखे. त्याने एक पाऊल पुढेही टाकलं. आपल्याकडे ‘त’ आणि ‘द’ यांच्या आकारांचं एकमेकांशी नातं दिसत नाही. त्याच्याकडे ‘त’च्या अक्षराला एक कमान असते, ती दोनदा काढली की ‘द’ होतो. घसा थरथरला, की कमान दुणावली. वहीत स्वतः काढून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

ही विद्या फक्त गोष्टी सजवायच्या कामाची नाही, म्हणून एक प्रसंग सांगते. १९३८ साली जर्मनीतल्या प्रकाशकाला त्याच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीचं भाषांतर काढायचं होतं. त्यांनी विचारलं, आपण आर्य वंशाचे आहात ना? त्याच्या उत्तराचा मसुदा आजही वाचायला मिळतो. त्यात तो म्हणतो की आर्य म्हणजे इंडो-इराणी, आणि माझ्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्तानी, फारसी किंवा तसल्या बोली बोलत होतं असं मला तरी माहीत नाही. तुम्हाला मी ज्यू आहे का ते विचारायचं असेल तर त्या गुणी लोकांपैकी माझे कुणी पूर्वज नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ज्या शब्दाच्या नावाने माणसं मारायची तयारी चालली होती, त्याचा खरा अर्थ त्याने पुढे ठेवला. तो अर्थ मांडायला भाषेचा अभ्यासकच लागतो. आपण मराठी बोलणारे तर त्याच इंडो-आर्य घरातले, म्हणून हे उत्तर मला फार जवळचं वाटतं.

एका बाबतीत मात्र त्याचा कित्ता गिरवू नकोस. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्याने १९३७च्या डिसेंबरात सुरू केलं आणि ते छापून पुरं झालं १९५५ला. तेवढा वेळ लागला तर लागू दे. पण ‘सिल्मारिलियन’ हे एल्फांच्या पुराणकथांचं पुस्तक तो शेवटपर्यंत पुरं करू शकला नाही. १९७३ साली तो गेला आणि १९७७ साली मुलाने, ख्रिस्तोफरने, कागद जुळवून ते बाहेर काढलं. नियम बदलला की नावं बदलायची, नावं बदलली की कथा बदलायची. असा मुलगा प्रत्येकाला मिळत नाही. तू तारीख ठरव आणि त्या दिवशी हात थांबव.

आता तुझी चाळीस पानं. सतराव्या पानावरची कोळ्यांची आजी जिवंत आहे. ‘पाणी उतरलं की बोलू’ एवढंच ती म्हणते आणि मला तिचं सगळं गाव दिसतं. पण तिच्या दारावरून वाहणाऱ्या नदीचं नाव तू ‘झेरिथा’ ठेवलं आहेस. झायरॉन, एल्द्रिथा, थॉर्गन, यांतलं एकही नाव आजीच्या तोंडात बसत नाही. ‘झ’ आणि ‘थ’ परके वाटतात म्हणून तू ते घेतलेस. नुसत्या परकेपणाने जग उभं राहत नाही. शिवाय हा परकेपणाही उसना आहे, भाषांतरित पुस्तकांतून आलेला.

आपल्याच गावांची नावं घे. प्रतिष्ठानचं पैठण झालं, करहाटकचं कऱ्हाड, भोगवर्धनचं भोकरदन. ताम्रपटावर एक नाव असतं, नावाड्याच्या तोंडी दुसरं, आणि मधल्या वाटेवर बोलणाऱ्यांचा इतिहास सांडलेला असतो. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश ग्रंथालयातून आण आणि रोज एक पान वाच. तेवढ्यासाठी एम.ए.चा प्रवेश होईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रवेश मात्र घे. घरी हवं तर मी फोन करेन.

दिवाळीपर्यंत नवं प्रकरण लिहू नकोस. फक्त त्या नदीचं काम कर. राजा येण्याआधी तिच्या काठी कोण राहत होतं, ते तिला काय म्हणायचे, राजाच्या लेखनिकाने ते कसं ऐकलं आणि दगडावर काय कोरलं, हे ठरव. मग आजी आज तिला कोणत्या नावाने हाक मारते, ते मला एका पोस्टकार्डावर लिहून पाठव. नकाशा तोवर माझ्याकडेच राहू दे.

तुझ्या
मराठीच्या बाई