देणाऱ्याचे मन फिरले तर?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा कराराचा मसुदा, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. मराठी शुद्धलेखन तपासणारा तुझा प्रोग्राम कोणत्याही परवान्याशिवाय गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे, सात-आठ जणांनी त्यात आपापली भर घातली आहे, फोनसाठी कीबोर्ड बनवणारी एक कंपनी आता त्याचे ‘सर्व हक्क, कायमचे आणि जगभरासाठी’ मागते आहे, आणि एवढ्या गुंत्यात तू मला विचारतेस की परवाना जवळजवळ विनाअट देणाऱ्या एमआयटीचा घ्यावा, की पुढे वाटणाऱ्यालाही कोड त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या जीपीएलचा. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येणारे, कशासाठी, हे तुला समजावण्यात मी शाई घालवणार नाही. ते तुला पटलेले नसते तर हे पत्र तू मला लिहिलेच नसतेस. माझ्याकडे कसोटी एकच आहे आणि सॉफ्टवेअर देताना, घेताना, विकताना मी ती लावतो. उद्या देणाऱ्याचे मन फिरले, तर वापरणाऱ्याच्या हातात काय उरते?

ही कसोटी मी छापखान्यात शिकलो. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारे प्रमाण, रुळण्यापूर्वी आपल्याकडचा मराठी मजकूर ज्या त्या कंपनीच्या खासगी संकेतांत साठवला जाई. ‘क’ला कोणता क्रमांक द्यायचा, काना कुठे ठेवायचा, जोडाक्षराचे तुकडे कसे पाडायचे, हे फॉण्ट बनवणारा ठरवी, आणि फॉण्ट बदलला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सामाईक प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेले होते, युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. पण सामाईक प्रमाण पाळले तर गिऱ्हाईक सहज दुसरीकडे जाऊ शकते, हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. मी ज्या छापखान्यात अक्षरजुळणी करीत असे, तिथले सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखा एक छोटा तुकडा, लावल्याशिवाय उघडत नसे. पुढे संगणक बदलला, नव्याला त्या डोंगलचे पोर्टच नव्हते, आणि कंपनीने कळवले की जुनी आवृत्ती आम्ही बंद केली आहे, नवी विकत घ्या. नव्या आवृत्तीत जुन्या फायली धड उघडत नव्हत्या. दिवाळी अंकांचा सगळा मजकूर आमच्याच डिस्कवर होता, त्याच्या जुळणीची मजुरी आम्हीच दिलेली होती, त्यातले काही लेखक तोवर वारलेही होते, आणि तो आम्हाला वाचता येत नव्हता. कंपनीने एकही बेकायदा गोष्ट केली नव्हती. तिचे मन फिरले, एवढेच.

तुझ्या पिढीने डोंगल पाहिलेला नाही, पण त्याचे नातलग रोज तुझ्या हातात असतात. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने, विक्रेत्याकडे हक्क नव्हते या कारणाने, ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या काही पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडल या वाचनयंत्रावरून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत दिले, पुढे जाहीर माफीही मागितली. पण वाचकाच्या कपाटात हात घालता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले ते झालेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर चढवण्याची सोय बंद केली. याच्या उलट उदाहरण लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरचे आहे. त्यात लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरलेली आहे हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले, लिनक्सचा परवाना जीपीएल असल्याने कंपनीला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, खुला करावा लागला, आणि त्यातून राउटरसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने लक्ष काढून घेतल्यानंतरही तो राउटर लोकांच्या घरांत सुधारत राहिला. राउटर उदार नव्हता आणि कंपनीही नव्हती. लिनक्स लिहिणाऱ्यांनी अट आधीच लिहून ठेवली होती.

आता तुझ्या एमआयटी-जीपीएलकडे येतो. ‘एमआयटी सोपा आहे, छोटा आहे, सगळे तोच वापरतात’ हे तुझे वाक्य वाचून मी चिडलो, हे कबूल करतो. छोटा आहे म्हणून परवाना निवडायचा असेल तर कोरा कागद त्याहून छोटा आहे, आणि सध्या तुझ्याकडे तोच आहे. एमआयटीच्या मजकुरात दिलेली परवानगी मागे घेता येते की नाही, याबद्दल एक शब्द नाही. २००७ च्या जीपीएल तिसऱ्या आवृत्तीत, अटी पाळल्या जात असतील तर परवानगी मागे घेता येणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. एमआयटी वाईट माणसांनी लिहिलेला नाही आणि त्याखाली दिलेला कोड कोणी सहसा परत मागतही नाही. पण माझा प्रश्न विचारला की तो गप्प बसतो आणि जीपीएल उत्तर देतो.

आणि मन फक्त एकट्या लेखकाचे फिरत नाही. हॅशीकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हरांची व्यवस्था लावणाऱ्या आपल्या टेराफॉर्म या प्रोग्रामचा परवाना बदलला, रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केले. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे बाहेरच्या लोकांनी कोड दिलेला होता आणि दोन्ही ठिकाणी तो नव्या, आखडलेल्या अटींखाली नेण्याची मुभा कंपनीकडे होती; हॅशीकॉर्पकडे ती योगदात्यांनी सही केलेल्या करारामुळे होती, रेडिसकडे मुळातल्या सैल बीएसडी परवान्यामुळे. लोकांनी जुन्या परवान्यातली शेवटची आवृत्ती उचलली आणि ओपनटोफू व व्हाल्की हे फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळे चालवलेले प्रकल्प, काढले. मे २०२५ मध्ये रेडिसने जीपीएलच्याच कुळातल्या एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला, तोवर पुष्कळ लोक निघून गेले होते. जे एकदा नीट दिले गेले होते ते परत घेता आले नाही, म्हणून फोर्क शक्य झाले. जे द्यायचे राहिले होते, ते मात्र गेले.

लिनक्सच्या गाभ्याचे असे का होत नाही, याचा विचार कर. तिथे योगदाते आपला कॉपीराइट कोणाच्या नावे करून देत नाहीत. हजारो लोकांचे हजारो तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे आहे. उद्या स्वतः लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स म्हणाले तरी त्यांना तो बंद करता येणार नाही. तू पत्रात रडकुंडीला येऊन लिहिले आहेस की ‘सगळ्यांच्या सह्या कुठून आणू, त्यातले दोघे तर उत्तरच देत नाहीत’. मुली, तुझी ही अडचण हीच तुझ्या वापरकर्त्यांची हमी आहे. ती कंपनीच्या सोयीसाठी मोडून टाकू नकोस.

त्यासाठी आधी सगळ्यांची लेखी संमती घेऊन परवाना मात्र लावावा लागेल, कारण परवाना नाही याचा अर्थ सगळे खुले आहे असा होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे, हक्क आपोआप निर्माण होतो, आणि परवानगी न देता कोड नुसता मांडून ठेवला तर वाचणाऱ्याला तो आपल्या कामात वापरण्याचा अधिकार मिळत नाही. जे दोघे उत्तर देत नाहीत, त्यांचा भाग काढून तू तो नव्याने लिही. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मंडळींनी २०११ मध्ये आपल्या गाभ्याचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य भावंडावर नेला तेव्हा शंभराहून अधिक विकसकांना गाठून त्यांची संमती मिळवली होती. तुला सात-आठ जणांना गाठायचे आहे. तक्रार पुरे.

नोकरीचे एकदा बघून घे. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. तू हे रात्री आणि स्वतःच्या लॅपटॉपवर केलेस, हे मला मान्य आहे. तरी नेमणूकपत्र काढून वाच आणि ‘हे काम आमचे नाही’ असे कार्यालयाकडून लेखी घे. तोंडी आश्वासन देणारा साहेब पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असतो. कंपनीच्या मसुद्यातले ‘कायमचे आणि जगभरासाठी’ हे शब्दही उगाच आलेले नाहीत. कलम १९ म्हणते की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. कायद्याने लेखकाच्या बाजूने ठेवलेले हे दोन आडसर बाजूला करण्यासाठी ते शब्द घातले आहेत.

आता माझ्याबद्दल थोडे, कारण ‘तुम्हाला कधी पैसे नाकारावे लागले का’ असे तू विचारलेच आहेस. त्या दिवाळी अंकांसाठी मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने जुन्या फॉण्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्राम लिहिला आणि जीपीएलखाली दिला. तो बेकायदा आहे असे आम्हाला एका वकिलाने घाबरवलेही होते. पण दोन प्रोग्रामांचा मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, मिळवण्याची मुभा कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने आलेली होती. पुढे २०१२ मध्ये डिजिटल कुलपे तोडण्याविरुद्ध कलम ६५अ आले, तेही हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. आपलाच मजकूर वाचू पाहणाऱ्याला नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. असो. काही काळाने एक कंपनी आली, चांगली रक्कम देऊ केली, अट एकच होती की पुढच्या आवृत्त्या बंद ठेवायच्या. सहकारी तयार होता. त्याच्या घरची ओढाताण मला माहीत होती. हक्क दोघांचा होता, म्हणून माझ्या एकट्याच्या नकाराने व्यवहार मोडला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याची हळहळ मला आजही आहे.

निर्णयाची मात्र नाही. घरातले, मित्र, सगळे म्हणाले की हा हट्ट आहे. आमचा प्रोग्राम आज जवळपास कोणी वापरत नाही, कारण त्याहून चांगले प्रोग्राम आले. पण त्यातले अक्षरांचे तक्ते मला इतरांच्या प्रोग्रामांत दिसतात, आणि तक्ते घेण्यापूर्वी त्यांना माझी परवानगी मागावी लागलेली नाही. तो विकला असता तर विकत घेणाऱ्याचे मन फिरल्याबरोबर पुढच्या आवृत्त्यांतले तक्ते गेले असते. त्या सहकाऱ्याला हे मी शांतपणे सांगायला हवे होते, असे तू म्हणशील. मी त्याला हेच शब्द सांगितले होते. शांतपणे, असे म्हणवत नाही.

शब्दयादीत कोशांतल्या नोंदी घेतल्याने कोणी हक्क सांगेल, ही तुझी भीती निम्मी खरी आहे. सुटा शब्द कोणाच्या मालकीचा नसतो. पण शब्दकोशातली निवड, मांडणी आणि अर्थ यांना संरक्षण मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात नुसत्या कष्टांवर संरक्षण मिळत नाही, किमान सर्जनशीलता आणि कौशल्याने केलेली निवड लागते, असे म्हटले आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती कधीच सर्वांची झाली आहे, ती खुशाल वापर. कोशकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटलेली नसतील तर त्याच्या कोशातल्या नोंदी ओळीने उतरवून घेऊ नकोस. कोशांतून घेतलेल्या नोंदींबद्दल तुझ्या पत्रात नुसता ‘बऱ्याचशा’ असा शब्द आहे. त्या नेमक्या कोणत्या कोशातल्या आणि किती, ते आधी ठरव.

तेव्हा असे कर. प्रोग्रामला एलजीपीएलची तिसरी आवृत्ती लाव. कंपनीला तो आपल्या बंद कीबोर्डात जोडता येईल, पण प्रोग्राममध्ये केलेल्या सुधारणा लोकांना द्याव्या लागतील आणि तो बदलून दुसरा बसवण्याची वाट मोकळी ठेवावी लागेल. शब्दयादी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० खाली दे; म्हणजे वापरणाऱ्याने तुझे श्रेय द्यायचे आणि बदललेली यादी त्याच अटींवर वाटायची. तोही परवाना मागे घेता येत नाही. कंपनीला कळव की हक्क विकायचे नाहीत, मात्र देखभाल, नवे नियम आणि त्यांच्या कीबोर्डात जोडणी यांचे पैसे मी घेईन, आणि दर सांगताना लाजू नकोस. मुक्त याचा अर्थ फुकट राबणे असा तू लावून घेतला आहेस की काय, अशी मला शंका येते. त्यांनी नाही म्हटले तर दुसरा कीबोर्डवाला येईल, किंवा येणार नाही. मी येईलच असे वचन देत नाही.

शेवटी कामाचे. तुझ्या प्रोग्रामने ‘शाळेतल्यांपैकी’ हा शब्द चूक ठरवला. तू ज्या हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो उभा केला आहेस, ते लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी लिहिले, म्हणून प्रत्यय सोडवण्यात ते पुष्कळ वाकबगार आहे. पण एका शब्दाच्या शेवटचे लागोपाठ दोनच प्रत्यय ते काढते, आणि आपण सामान्यरूपावर ‘त’, त्यावर ‘ल्यां’, त्यावर ‘पैकी’ असे तीन सहज चढवतो. ‘तल्यां’ हा जोडप्रत्यय म्हणून नियमांच्या फायलीत आधीच लिहून ठेव, तसेच ‘तल्या’ आणि ‘वरच्या’ही. फाइल फुगेल, फुगू दे. आणि ती बदलण्यापूर्वी परवाना लाव.